गल्लीकडचं दार

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाही तर पान उलटा. मी कोणाच्या पाया पडणार नाही.

आणि आधीच सांगून ठेवते. यात अमावास्या नाही, मध्यरात्र नाही, पांढरी साडी तर नाहीच नाही. हे घडलं नागपुरात, मे महिन्यात, एका मंगळवारी, दुपारी दीड वाजता.

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.

नागपूरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना दुपारी दीड म्हणजे काय ते सांगायला नको. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. रिक्षावाला झाडाखाली रिक्षातच पाय वर करून झोपतो. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, दारं आतून बंद. अशा वेळी गल्लीत कोणी पडला तरी चार वाजेपर्यंत कोणाला कळायचं नाही.

घर होतं माझ्या मावशीचं. देवकीमावशी. सक्करदऱ्याकडे, गल्लीच्या तोंडावर. मावशीचे यजमान गोपाळराव सरकारी कचेरीत कारकून. त्यांना एकच धाकटा भाऊ, केशव. घर वडिलांनी दोघा भावांच्या नावे केलं होतं.

मावशी लग्न होऊन आली तेव्हा केशव सात वर्षांचा होता. आई नव्हती त्याला. मावशीनंच त्याला न्हाऊ घातलं, तापात उशाशी बसली, शाळेत नाव घातलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. कोणी त्यावरून बोललं तर ती म्हणायची, "माझा आहे ना बापा केशव, अजून किती पाहिजे?"

घराला बाहेर पडायचं दार एकच. गल्लीकडचं. सागवानी, दोन फळ्यांचं. बाहेरून जाड लोखंडी साखळी. ती वाजवण्याची केशवची एक तऱ्हा होती. तीनदा पटपट, मग जरा थांबून एकदा. मावशी चुलीपाशी असली तरी ओळखायची आणि ओरडायची, "आली वं माझी फौज!"

एकाहत्तरच्या मे महिन्यात मी आणि माझी आई काटोलच्या बसनं मावशीकडे आलो. मी सहा वर्षांची. मावशीनं कैरीचं पन्हं केलं. मी पेला ढकलून दिला. मला बर्फ पाहिजे होता.

आईनं डोळे वटारले. मावशी म्हणाली, "राहू दे वं, लेकरू आहे. केशव, जा गा, चौकातून बर्फ घेऊन ये."

केशव एकोणीस वर्षांचा होता. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. त्यानं बर्फ गुंडाळायला पोत्याचा तुकडा घेतला, माझी वेणी ओढली आणि म्हणाला, "वैनी, कडी नको लावू. आत्ता येतो."

चौक चार मिनिटांवर.

बर्फवाल्यानं नंतर शपथेवर सांगितलं, पोरानं बर्फ घेतला, भुशात घोळून पोत्यात बांधून दिला, पोरगा घराकडे निघाला. तिथून पुढं त्याला कोणी पाहिलं नाही.

पोलीस झाले. तलावात गळ टाकून झाले. पेपरात फोटो झाला. रेल्वेनं, बसनं, जिथं कोणी "असाच एक पोरगा पाहिला" म्हणेल तिथं गोपाळराव जाऊन आले. चार मिनिटांच्या रस्त्यात एक तरणाताठा पोरगा नाहीसा झाला तो झालाच.

मावशीनं त्यानंतर सात वर्षं दुपारी डोळा लावला नाही.

त्याचं कारण तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी केशव गेल्यावर गरम वाऱ्यानं दार धाडधाड आपटायला लागलं. म्हणून तिनं आतून कडी लावली. आम्हाला घेऊन जरा आडवी झाली. पहाटेपासून राबलेली बाई... झोप लागली. जागी झाली तेव्हा अडीच वाजून गेले होते. धावत जाऊन दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं.

पायरीच्या दगडावर मात्र चिमूटभर लाकडाचा भुसा होता.

ओला.

तो तिनं पदरानं पुसून टाकला, आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

अठ्ठ्याहत्तर साली मावशीनंच घर विकायचं काढलं. "ह्या घरात मले आता एक दुपार निघत नाही," ती गोपाळरावांना म्हणाली. "कुठंही चला. भाड्याची खोली चालते. पण इथून काढा मले."

गिऱ्हाईक मिळालं. काटोलचे रुपरावजी, संत्र्याचे व्यापारी. पान खात खात त्यांनी सगळं घर फिरून पाहिलं आणि म्हणाले, "घर चांगलं आहे जी. पण दोन गोष्टी. दार रस्त्याकडून पाहिजे. तिकडं मोठा रस्ता झाला, अन् तुम्ही गल्लीत तोंड करून बसले. गल्लीतलं दार कोण पाहते? ते बुजवा. अन् कागद साफ पाहिजे. भावाचं नाव आहे ना त्याच्यावर?"

गोपाळराव म्हणाले, "भाऊ सात वर्षांपासून नाही."

"मंग नाही असं लिहून आणा ना."

वकील म्हणाला, सात वर्षं झाली, गेला असं धरता येते. भटजी म्हणाले, नुसतं कागदावर धरून भागत नाही, क्रिया करावी लागते. मग पळसाच्या पानांचा एक माणूस केला. हात, पाय, डोक्याच्या जागी नारळ. तो कन्हान नदीच्या काठावर नेऊन त्याला अग्नी दिला. गोपाळराव रडले. मावशी घरीच होती. भटजींनी घरी परतल्यावर सांगितलं, "आता तो तुमच्यासाठी गेला. उद्या कोणी त्याचं नाव सांगत आला, तरी दारातून एकदम आत घेऊ नका. आधी मला बोलवा."

मावशीनं ऐकून घेतलं. तिला फक्त घरातून निघायचं होतं.

आणि मग घराची डागडुजी सुरू झाली. भिंतींना चुन्याचे दोन हात, त्यात जराशी नीळ. फुटक्या फरश्या बदलल्या. लोंबणाऱ्या वायरी काढून नवीन पट्टी मारली. सुतारानं रस्त्याकडे नवीन दार बसवलं, हिरवा रंग दिलेलं. जुनं दार चौकटीसकट काढून मागच्या अंगणात कडुनिंबाला टेकवून ठेवलं.

शनिवारी धोंडबा मिस्त्रीनं गल्लीकडची दाराची जागा विटांनी बुजवली. रविवारी प्लास्टर केलं. मे महिना! एरवी प्लास्टर तडकू नये म्हणून मिस्त्री दिवसातून चारदा पाणी मारायला लावतो.

सोमवारी सकाळी धोंडबा आला आणि भिंतीपुढं उभाच राहिला.

"बाई, किती पाणी मारलं वं रात्री?"

"मी कुठं मारलं? राहूनच गेलं. सांगणारच होती तुले."

"मस्करी नका करू."

भिंत ओलीचिंब होती.

सगळी नाही. बरोबर दाराएवढी. जणू आतल्या आत कोणी दाराचा आकार काढून ठेवला होता. बाजूची भिंत सुकून खडखडीत, पांढरीफेक. मधे हा काळपट ओला उभा पट्टा... आणि खाली फरशीवर भुसा.

गोपाळराव वैतागले. "सुताराचा असंल. दोन दिवस रंधा मारून राहिला होता घरात."

मावशीनं झाडू घेतला. भुसा फरशीला चिकटला होता. ओला होता. आणि पोत्याचा वास येत होता. भिजलेल्या पोत्याचा.

तिनं भिंतीला हात लावला.

लगेच काढला.

त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात ती भिंत बर्फासारखी गार होती.

उद्या चार वाजता रुपरावजी बयाण्याचे पैसे घेऊन येणार होते. एक दिवस काढायचा, फक्त एक दिवस, मग हे घर आणि ही दुपार सुटली. तिनं देवापुढं दिवा लावला आणि तेवढंच मागितलं.

मंगळवार उजाडला. गोपाळराव कचेरीत गेले. जाताना धोंडबाला सांगून गेले, ओल झाकायला त्यावर चुन्याचा दाट हात मार. धोंडबानं तीनदा मारला. तीनदा चुना ओघळून खाली आला.

"असं काम मी जिंदगीत पाहिलं नाही," तो म्हणाला. बाराला त्यानं भाकर खाल्ली आणि मागच्या अंगणात निंबाखाली आडवा झाला.

घरात मावशी एकटी. भांडी अर्धी बांधलेली. घड्याळाची टिकटिक.

एक वाजला.

मग तिच्या लक्षात आलं... चिमण्यांचा आवाज नाही. वळचणीला त्यांचा रोज कलकलाट असायचा. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर नाही. आणि मग तर घड्याळही ऐकू येईना. काटा सरकत होता. आवाज नव्हता.

दीड.

खण खण खण.

...खण.

मावशीच्या हातातला पेला पडला. त्याचाही आवाज झाला नाही.

साखळी!

ती मागच्या अंगणात धावली. जुनं दार तिथंच होतं, निंबाला टेकलेलं. साखळी सरळ खाली लोंबत होती. हलतही नव्हती. शेजारी धोंडबा तोंडावर गमछा घेऊन घोरत होता, छाती वरखाली होत होती, पण घोरणं ऐकू येत नव्हतं.

खण खण खण.

...खण.

पुढून. बुजवलेल्या भिंतीतून.

ती माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आली. ओला पट्टा आता चकाकत होता. त्यावरून पाण्याचे ओघळ फरशीवर येत होते.

आणि भिंतीपलीकडून हाक आली. अगदी रोजच्यासारखी. उन्हातून चालत आलेल्या, थोड्या वैतागलेल्या पोराची.

"वैनी... दार उघड वं. बर्फ वितळून राहिला."

मावशी मला म्हणाली होती, "मले भेव नाही वाटलं गं. खोटं काहून सांगू? मले इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी हसलीच." तिला पळसाचा माणूस आठवला नाही, भटजी आठवले नाहीत, रुपरावजी तर नाहीच नाही. ती भिंतीला जाऊन चिकटली.

"केशव! थांब, बापू! अरे, इथलं दार नाही आता. रस्त्याकडून ये! रस्त्याकडं केलं दार! हिरवं आहे, पाह्य!"

ती रस्त्याकडे धावली. नवीन दार सताड उघडलं. बाहेर पांढरं ऊन. रस्ता वितळल्यागत हलत होता. एक माणूस नाही. ती पायात चप्पल न घालता डांबरावर उतरली, कोपऱ्याकडे पाहत उभी राहिली. तळवे भाजले. कोपऱ्यावरून कोणी आलं नाही.

आणि मागून, घराच्या आतून...

खण खण खण.

...खण.

"वैनी, झोपली का वं?"

त्याला ऐकूच जात नव्हतं.

आता मावशीच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती तिचीच तिला ऐकू आली नाही, असं तिनं मला सांगितलं. तिनं मिस्त्रीची पहार उचलली. बेचाळीस वर्षांची बाई, हातात कधी खलबत्त्याहून जड काही धरलं नव्हतं. पहिला घाव घातला आणि त्याच क्षणी सगळे आवाज परत आले. पंखा, घड्याळ, चिमण्या. धोंडबा दचकून उठला.

"बाई! काय करून राहिल्या! आज गिऱ्हाईक येते ना!"

"तोड, धोंडबा! हात जोडते तुले, तोड! माझं पोरगं बाहेर आहे!"

धोंडबा तिला धरायला पुढं झाला. तेवढ्यात एकदा, हळूच, थकल्यासारखी...

खण.

धोंडबानं ती ऐकली. पुढं कितीतरी वर्षं तो कोणालाही सांगायचा, "मी ऐकली. माझ्या ह्या कानानं." त्यानं तिच्या हातून पहार घेतली आणि आपणच बांधलेली भिंत फोडायला लागला.

चार इंची भिंत. ओला मसाला. पाच मिनिटांत माणूस जाईल एवढं भगदाड पडलं. मावशी विटांवरून खरचटत बाहेर पडली.

गल्लीत कोणी नव्हतं.

पायरीचा दगड ओला होता. त्यावर भुसा होता. आणि मधोमध सुपारीएवढा बर्फाचा खडा. दोघांच्या देखत तो वितळला, पाणी झालं, आणि तेही सुकलं.

पायरीवरून चपलांचे ओले ठसे गल्लीत उतरले होते. एक, दोन, तीन, चार. मग नाही. मावशी ते मोजेपर्यंत पहिले दोन वाळून गेले होते. ती कोपऱ्यापर्यंत धावली, चौकापर्यंत धावली, बर्फाच्या बंद टपरीला हात लावून परत आली.

समोरच्या घराचं दार उघडलं. सिंधूताई बाहेर आल्या. त्या पंच्याहत्तर साली राहायला आलेल्या. केशवला त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

"काय झालं वं देवकीबाई? अन् तो पोरगा भेटला का तुमाले?"

"कोण पोरगा?"

"होता ना आत्ता. मी ताटीवर पाणी टाकून राहिली होती, तर तुमच्या भिंतीपुढं उभा. एकोणीस-वीसचा असंल. पट्ट्यापट्ट्याचा शर्ट. हातात पोतं, त्यातून पाणी गळून राहिलं होतं. मी म्हणलं, कोण पाहिजे बापू? तर म्हणे, इथलं दार कुठं गेलं?"



"मंग?" धोंडबानं विचारलं.

"मंग काय? मी म्हणलं, दार बुजवलं, घर विकून राहिले ते, चालले इथून. तो जराक उभा राहिला. भिंतीवर हात फिरवला. अन् गेला. काहून, कोण होता?"

मावशी पायरीवर बसली, ती भर उन्हात बसूनच राहिली. चार वाजता रुपरावजी आले. फुटकी भिंत, विटांचा ढीग, आणि गल्लीत उघड्या डोक्यानं बसलेली घरमालकीण. ते गोपाळरावांना एवढंच म्हणाले, "जाऊ द्या जी," आणि बाहेरच्या बाहेर परत गेले.

घर विकलं गेलं नाही. जुनं दार आठ दिवसांत होतं तिथं परत बसलं, साखळीसकट. त्याला आतून कडी म्हणून कधी लागली नाही. मावशी रोज बारा ते चार त्या दारात बसायची. मे असो, पाऊस असो. गोपाळराव आधी समजावत, मग रागावत, मग तेही शेजारी वेताच्या मोड्यावर बसायला लागले.

साखळी पुन्हा वाजली नाही. भुसा नाही, ओल नाही, काहीच नाही. तो एकदाच परत आला होता आणि त्याला दार सापडलं नव्हतं.

मेलेला होता तर त्याच्या चपलांचे ओले ठसे कशाचे? आणि जिवंत होता तर सात वर्षांत त्याचं वय काहून वाढलं नाही? मी खूप डोकं लावलं. मला काही कळलं नाही.

मावशी शहाऐंशी साली गेली. जायच्या आधी आठ दिवस मी तिच्याजवळ होते. तेव्हाच तिनं मला हे सगळं सांगितलं. पायरीवरच्या पहिल्या भुशाचंही. माझा हात धरून म्हणाली, "एकच विचारायचं होतं गं त्याले. त्या पहिल्या दिवशी साखळी वाजवली होती का रे तू? मी झोपली होती. वाजवली असंल तर कितीदा वाजवली असंल? भुसा तर वाऱ्यानंही येते ना? येते ना गं?"

मी म्हणाले, "येतो, मावशी. वाऱ्यानं येतो."

खोटं बोलले.

आमच्याकडे उन्हाळ्यात पोरांना घरात डांबायची एक युक्ती होती. मावशी मला नेहमी सांगायची, दुपारची एक बाई येते. दार वाजवते. ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारते. लेकरानं दार उघडलं की उन्हात घेऊन जाते. म्हणून दुपारी कितीही साखळी वाजली तरी उठायचं नाही, डोळे घट्ट मिटून पडायचं. त्या दिवशीही तिनं मला कुशीत घेऊन हेच सांगितलं, आणि मग तिला झोप लागली.

मला झोप लागली नव्हती.

खण खण खण. ...खण. मी किती वेळा ऐकली ते सांगता येणार नाही. खूप वेळा. आणि मग हाक.

"वैनी... दार उघड वं. बर्फ वितळून राहिला."

सात वर्षांनी मावशीला भिंतीतून जे ऐकू आलं, ते शब्दन् शब्द हेच. ते मी कधी कोणाला सांगितले नव्हते. आईलाही नाही.

मी मावशीला उठवलं नाही. बाईला कळेल म्हणून श्वाससुद्धा दाबून धरला. शेवटी तो म्हणाला, "वैनी, झोपली का वं?" आणि त्यानंतर चपलांचा आवाज गल्लीतून दूर गेला.

मी आता राहते त्या घराला बेल आहे. दुपारी ती वाजली की मी हातातलं टाकून धावते. आजपर्यंत पोस्टमन, गॅसवाला, शेजारची पोरं, हेच निघाले. तरी कडी मी लावत नाही. पुढच्या महिन्यात हे घर विकायचं, असं घरचे म्हणतात. दलाल येऊन गेला. म्हणाला, ताई, बाकी सगळं ठीक आहे, फक्त तेवढं पुढचं दार बदलून घ्या.